दाताच्या दवाखान्यातला वजनकाटा

लहान मुलांचे दात बघणाऱ्या डॉक्टरनं त्यांचं वजनही तपासावं आणि जास्त वाटलं तर पालकांशी बोलावं, ही कल्पना मला बरीच वर्षं आगाऊपणाची वाटायची. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये या विषयावर पुष्कळ बोललं गेलंय. आमच्या दंतवैद्यांच्या परिषदेत कुणी त्यावर स्लाइड्स दाखवायला लागलं, की मी चहाला बाहेर पडायचे. दाढ ठणकतेय म्हणून पोराला घेऊन आलेल्या आईला त्याच्या पोटाबद्दल का ऐकवायचं? उद्या डोळ्यांचे डॉक्टर चष्म्याचा नंबर काढताना गुणपत्रिका मागतील.

माझ्याकडे कारणं होती, आणि त्यातली काही मला आजही पटतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५ टक्के वयाच्या मानानं खुजी आणि सुमारे २५ टक्के उंचीच्या मानानं बारीक निघाली. अशा राज्यात जाडीची कसली काळजी घेऊन बसलाय, असा माझा सवाल असे. शिवाय आपल्याकडे बाळसं म्हणजे कौतुक. गुटगुटीत बालक स्पर्धेतल्या बक्षिसाचा फोटो दिवाणखान्यात लावलेल्या घरात जाऊन ‘तुमच्या मुलाचं वजन जास्त आहे’ म्हणणं म्हणजे आजीच्या हातच्या तुपालाच नावं ठेवणं.

आणखी एक हुकमी पत्ता होता. साखरेनं दात किडतात, साखरेनंच वजन वाढतं, तेव्हा किडके दात आणि जाडी एकत्रच सापडणार, असं मांडणारे पुष्कळ. माझ्या खुर्चीवर तसं दिसत नव्हतं. सगळ्यात वाईट किडलेली तोंडं कित्येकदा काटकुळ्या पोरांची. दाढ दुखते म्हणून ती चावतच नाहीत. चहात बुडवलेलं बिस्किट आणि वरणभात यांवर दिवस काढतात. अभ्यासांतही एकमत नाही: कुठे जाड मुलांत कीड जास्त, कुठे बारीक मुलांत, कुठे संबंधच नाही. मग दात बघून वजनाबद्दल बोलायचा अधिकार आम्हाला दिला कुणी?

हा पत्ता खोटा नव्हता. पण त्याच्या आडोशाला मी दुसरंच काही टाळत होते, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं.

पहिली गोष्ट म्हणजे, वजन मी आधीपासून घेतच होते. भुलेच्या इंजेक्शनचा डोस किलोवर ठरतो. लिग्नोकेनची मुलांसाठी आम्ही पाळतो ती मर्यादा किलोमागे ४.४ मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या औषधात एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम असतात. म्हणजे वीस किलोच्या मुलाला दोन्ही बाजूंना भूल द्यायची, तर सिरिंज भरताना मनात हिशोब चालू ठेवावा लागतो. पॅरासिटामॉल किलोवर, अँटिबायोटिक किलोवर. पण अंगावरच्या चरबीचं वजन धरून भुलेचा डोस वाढवत नेला, तर तो जास्त होऊ शकतो. वजनदार मुलाचा डोस त्याच्या उंचीला शोभेल अशा वजनावर काढावा लागतो. म्हणजे उंचीही हवी. दोन्ही आकडे केसपेपरवर आले, की बीएमआयचा भागाकार करायला कितीसा वेळ लागतो? तो न करता कागद फाइलला लावून टाकणं मला पुढे पुढे विचित्र वाटायला लागलं.

दुसरी गोष्ट मानेची. आमची बसण्याची जागा अशी, की मूल आडवं असतं आणि आम्ही त्याच्या डोक्यामागे. मूल उठून बसलं, की मान बरोबर आपल्या डोळ्यांसमोर येते. दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा होता. आई ओशाळून म्हणाली, “मॅडम, रोज घासते हो, मळ निघतच नाही.” तो मळ नव्हता. शरीरात इन्सुलिन नीट काम करेनासं झालं, की काही मुलांच्या मानेवर, काखेत कातडी अशी होते. बिचारं पोर रोज सकाळी काथ्यानं घासून घेत होतं. त्याची बाराव्या वर्षाला येणारी दाढही हिरडीतून डोकावायला लागली होती. जाड मुलांचे दात जरा लवकर येतात, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं. तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो, हेही आईनंच सांगितलं. एवढं सगळं माझ्यापुढे मांडलेलं असताना मी फक्त सिमेंट भरून त्याला घरी पाठवायचं?

पण माझं मत खरं फिरवलं ते आहाराच्या कागदानं. कीड जास्त असली की आम्ही आईला तीन-चार दिवस मूल काय काय खातं ते वेळेसकट लिहून आणायला सांगतो. तो कागद मी दातांच्या नजरेनं वाचायचे. दाताला गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते जास्त बाधतं. म्हणून माझा ठरलेला सल्ला असा: गोड जेवणाबरोबरच खा, मधल्या वेळेला चीज, शेंगदाणे, काजू चालतील. दाताच्या हिशोबानं यात काही वावगं नाही. पण कागदावर तेच मूल दिवसभर काही ना काही तोंडात टाकत असलेलं दिसायचं, आणि मी त्याला चीजची भर घालत होते. फरसाण, वडापाव यांना मी कधी लाल शाई लावली नव्हती, कारण ते दाताला चिकटणाऱ्या टॉफीइतके वाईट नव्हेत. म्हणजे आहाराबद्दल मी बोलतच होते, अगदी ठामपणे बोलत होते. आहार हा माझा प्रांत नाही असं म्हणायला मला जागाच उरली नव्हती.

तेव्हा आठवलं, की सरकारी व्यवस्थेत दात वेगळे आणि वजन वेगळं अशी फाळणी नव्हतीच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यातलं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा येतं. तेच वजन-उंची घेतं आणि तेच दातही बघतं. इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेतल्या, गाडीतून येणाऱ्या माझ्या पेशंटांचं काय? पाचव्या वर्षीचं बूस्टर झालं, की ही मुलं बालरोगतज्ज्ञाकडे फक्त तापात जातात, आणि तापात कुणी वाढीचा तक्ता काढत नाही. माझ्याकडे मात्र रूट कॅनालच्या निमित्तानं तीन-तीन खेपा होतात.

आता मी काय करते ते सांगते. पहिल्या दिवशी काही नाही. गाल सुजलेल्या पोराची उंची मोजायची ती वेळ नव्हे, भुलेपुरतं वजन घेतलं की झालं. बाकीचं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. काटा वेटिंग रूममध्ये ठेवत नाही, एक्स-रेच्या खोलीत ठेवते. आमच्या मावशी आकडा मोठ्यानं म्हणायच्या, ते बंद करवलं. सगळ्यांचंच वजन होतं, बारक्यांचंही. वर दिलेले महाराष्ट्राचे आकडे बघता सुकलेलं मूल सुटलं तर ती मोहीम माझ्या काही कामाची नाही. तक्ता भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ साली काढलेला वापरते. त्यातल्या धोक्याच्या रेषा मोठ्यांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळवलेल्या आहेत, पाश्चात्त्यांच्या २५ आणि ३० शी नाहीत, कारण आपल्याकडे मधुमेह कमी वजनावरच गाठतो. रेषेच्या वर असेल तर मी निदान करत नाही, डाएट देत नाही. मूल बाहेर खेळत असताना आईवडिलांना तक्ता दाखवते आणि त्यांच्याच बालरोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी देते.

सगळे ऐकून घेतात असं नाही. “आमच्यात सगळेच अंगानं भरलेले,” हे तर नेहमीचंच. एक वडील म्हणाले, “दाताचे पैसे घेतलेत ना, दातच बघा.” ते पुन्हा आले नाहीत. हे ऐकून माझ्या वर्गातला एक मित्र म्हणतो, पेशंट तोडायची ही उत्तम युक्ती आहे. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. गावात दवाखाना चालवणाऱ्याला ते परवडतंच असं नाही, आणि ज्या तालुक्यात चिठ्ठी घेऊन जायला बालरोगतज्ज्ञच नाही तिथे नुसती रेषा दाखवून पालकांना घाबरवण्यात मलाही अर्थ दिसत नाही.

वयात येणाऱ्या मुलींच्या बाबतीत माझं जुनं मत अजून बदललेलं नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला डोससाठी गरज नसेल, तर मी काट्यावर उभी करत नाही. आरशापुढे, इन्स्टावर, नातेवाइकांच्या लग्नात तिचं वजन आधीच पुरेसं होत असतं. या वयात काही जणी जेवल्यावर मुद्दाम ओकतात, आणि ते कित्येकदा पहिल्यांदा कळतं ते दातांवरूनच: वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू आम्लानं झिजलेली असते. तिथे काट्यावरचा आकडा मला काहीच सांगणार नाही. अशा मुलीशी मी आधी एकटीशी बोलते आणि आईला नंतर आत बोलावते.