देवबागला गरी टाकायची, तर आधी पाणी ओळखा!

मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागकडे निघालेला रस्ता पुढेपुढे चिंचोळा होत जातो. उजवीकडे माडांच्या आडून अरबी समुद्राची गाज ऐकू येते, डावीकडे कर्ली नदीचं संथ, हिरवट पाणी दिसतं. मधे उरते ती जेमतेम काही शे मीटर रुंदीची वाळूची पट्टी. तिच्यावरच घरं, देवळं, शाळा, माडांच्या बागा आणि आता पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते. समोरच्या तीरावर भोगवे, आणखी दक्षिणेला निवतीचा किल्ला.

सिंधुदुर्गात येणारा पर्यटक इथे डॉल्फिन पाहतो, होडीतून फेरी मारतो, सोलकढी पिऊन परत जातो. पण गेल्या काही वर्षांत वेगळीच मंडळीही दिसू लागली आहेत. खांद्यावर रीळ लावलेला रॉड, पाठीला पिशवी आणि डोक्यावर टोपी. ही मंडळी आलेली असतात मासे गरवायला! मे महिन्यात गावी येणारा मुंबईचा चाकरमानी तर लहानपणापासूनच गरवत आलेला. त्याला रॉड लागत नाही. हातभर लाकडाला गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसं आणि गरी, एवढ्यावर त्याचं भागतं. आणि गंमत म्हणजे महागड्या रॉडवाल्यापेक्षा त्याच्याच पिशवीत जास्त मासे असतात!

याचं कारण हातातल्या सामानात नाही, पाण्याच्या ओळखीत आहे. नागपूरच्या किंवा इंदूरच्या तलावावर गळ टाकून बसायची सवय असलेला माणूस इथे आला की सकाळी सहाला वाळूवर जाऊन बसतो आणि दहापर्यंत रिकाम्या हाताने परततो. तलावात वेळ ठरवतो सूर्य. खाडीत ठरवतो चंद्र. म्हणूनच घाई करणाऱ्या पाहुण्याला इथला होडीवाला सांगतो, "वाईच थांबा, पाणी फिरूक दे."

पाणी फिरणं म्हणजे भरती संपून ओहोटी लागणं किंवा ओहोटी संपून भरती लागणं. भरतीचं पाणी खाडीत चढतं तसे लहान मासे आणि कोळंबी कांदळवनाच्या मुळांत, काठच्या उथळ पाण्यात शिरतात. ओहोटी लागली की त्यांना तिथून बाहेर पडावंच लागतं. मोठा मासा नेमका त्याच वाटेवर टपून बसतो. ओहोळ खाडीला मिळतो ती जागा, खडकाच्या आडचं खोल पाणी, वाळूच्या दांड्याची कड... गरी पडायला हवी ती इथे आणि अशा वेळी. भर ओहोटीला पाणी धावू लागलं की शिसं तळाला ठरत नाही. पाणी अगदी थांबलं की मासाही थंडावतो. मधला तास-दोन तासांचा वेळ खरा कामाचा.

भरतीची वेळ काढण्याचा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी आणि दुसऱ्या दिवशीची सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. हा हिशेब ढोबळ आहे. पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवणात ती मुंबईच्या काहीशी आधी येते. मुंबईचं वेळापत्रक खिशात घालून येणाऱ्यांची इथेच फसगत होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात चढतं आणि उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, त्याला ओढ कमी. नवख्याने सुरुवात करावी ती भांगाच्या दिवसांत.

मासे कोणते मिळतात? खाडीतला मानाचा मासा म्हणजे तांबोशी. लहानपणी ती कांदळवनात, खडकांच्या कपारीत राहते, मोठी झाली की खोल समुद्राकडे जाते. जिवंत कोळंबी लावलेली गरी तिला आवडते, पण संध्याकाळ कलल्यावर. लागली की क्षणात मुळांकडे झेप घेते आणि सैल हाताने धरलेला तंगूस कापून निघून जाते. पालू, काळुंदर, गोबरा हेही खाडीतलेच. शेवटे मात्र पाण्यावर उड्या मारून नुसता मोह पाडतात. गरीला ते सहसा लागत नाहीत, त्यांच्यासाठी पाग टाकणाराच हवा.

चोणकाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तोच हा मासा. तो वयात येतो तेव्हा नर असतो आणि आणखी काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, मादी होतो! पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी अंडी घालणारी ती हीच मोठी मादी. फोटोसाठी सगळ्यांना हवा असतो तोही सर्वांत मोठाच मासा. फोटो काढून तो पुन्हा पाण्यात सोडणारे काही हौशी आता दिसतात. घरमालकिणीच्या कपाळावर त्यामुळे आठी पडते, तो भाग वेगळा.

समुद्राच्या बाजूचा किनारा वेगळ्या स्वभावाचा. तिथे मुडदुशी. बोटभर लांबीपासून वितीपर्यंतचा, चंदेरी, भ्याला की वाळूत शिरणारा मासा. लहान गरी, कोळंबीचा छोटा तुकडा आणि गुडघाभर पाणी एवढं पुरे. मुलांना गरवायला शिकवायचं तर मुडदुशीपासूनच. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वारा वाहतो, लाटा बसलेल्या असतात, पाणी नितळ असतं. दुपारनंतर खारा वारा सुटला की लाटा उठतात आणि हलकी गरी माघारी फेकली जाते. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतच्या सकाळी सर्वांत सुखाच्या. मार्चनंतर वाऱ्याचा जोर वाढतो, तेव्हा खाडीची बाजू बरी.

पावसाळ्यात मात्र इथे गरी घेऊन येऊच नये. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्यात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. किनाऱ्यावरून हाताने गरवणारा त्या बंदीत येत नाही, पण खवळलेल्या समुद्राला कायद्याशी काय देणंघेणं? नदी गढूळ होऊन फुगते, खाडीचं पाणी गोडं होतं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावरही पाणी निवळायला काही आठवडे जातात.

धोका केवळ पावसाळ्यातच आहे असं नाही. ओहोटी लागताना मासा जिथे जमतो, त्या संगमावरच पाण्याची ओढ सर्वांत जबर असते. उतरणारी भरती आणि नदीचा प्रवाह एकत्र होऊन बाहेर धावतात आणि समोरून येणाऱ्या लाटेला भिडतात. पोहणारा कितीही पट्टीचा असो, त्याचं तिथे काही चालत नाही. दुसरा धोका वाळूच्या दांड्याचा. संगमाजवळच्या वाळूच्या बेटाला लोक २००४ च्या त्सुनामीची आठवण म्हणून सुनामी आयलंड म्हणतात. ओहोटीत अशा दांड्यावर चालत जाता येतं असं वाटतं. माणूस समुद्राकडे तोंड करून गरवत बसतो आणि भरती पाठीमागून चढते. दांडा अजून कोरडा असतो, पण दांडा आणि किनारा यांच्यामधली खोलगट वाट आधी भरते! गेल्या वर्षी पाहिलेली वाट यंदा असेलच असंही नाही. वाळू दर पावसाळ्यात सरकते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने या किनाऱ्याला झोडपलं. देवबागची पट्टी समुद्राकडून खचते आहे, तिला दगडी बंधाऱ्यांचा आधार द्यावा लागला आहे. म्हणून जाण्याआधी गावातल्या माणसाला विचारावं, परतीची वेळ ठरवून घ्यावी आणि मासा लागत असला तरी त्या वेळेला उठावं. हे शेवटचं सर्वांत कठीण!

छोट्या गोष्टीही सांभाळायला हव्यात. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चालावं, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट आधीच पळतं. शेंगटी गरीला लागली तर तिला मुठीत धरू नये. तिच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा आणि दवाखाना गाठावा. तुटलेला तंगूस वाळूत टाकून येऊ नये. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीसारख्या या जिल्ह्यातल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. नायलॉनचा धागा कुजत नाही, कासवाच्या आणि पक्ष्यांच्या अंगात रुततो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती तर गरी टाकूच नये, तो १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचा गाभा आहे.

आणि समोर रापण ओढली जात असेल तर आपली गरी गुंडाळून ठेवावी. अर्धा गाव दोरीला असतो, त्या जाळ्यात अडकलेली एक गरी कुणाचाही हात फाडू शकते. हौशी माणसाचा तो एक दिवस असतो, त्यांची मात्र रोजची चूल असते. त्यापेक्षा दोरीला हात लावावा. ओढणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायची इथे रीत नाही. चार तारल्या, दोन बांगडे पदरात पडतातच. सकाळभर गरवूनही काही न लागलेल्या कितीतरी पाहुण्यांनी दुपारी तिरफळं घातलेली बांगड्याची कढी जेवली आहे, ती अशीच!