फुलं कापली तरच फुलतात

लग्न होऊन नाशिकहून झाशीला आलेल्या सुनेनं पहिल्याच मार्चमध्ये मोठ्या हौसेनं अंगणात फुलझाडं लावली. मे महिन्यात लू वाहू लागली, पारा ४५ अंशांच्या घरात गेला आणि रोपं करपून गेली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, इथली बाग दसऱ्यानंतर लावायची असते."

पुढच्या ऑक्टोबरात दोघींनी मिळून सुरुवात केली. बुंदेलखंडातली लाल, खडेमिश्रित माती पाणी धरत नाही, म्हणून तिच्यात कुजलेलं शेणखत मिसळलं. उन्हाच्या वाफ्यात ग्लॅडिओलसचे कंद तीन इंच खोल, सहा-सहा इंचांवर लावले. कुंड्यांत झेंडू आणि कॅलेंड्युला पेरला. रोज सकाळी पाणी घालण्याचं काम सासूबाईंनी आपण होऊन घेतलं. सासरे गेल्यापासून त्या प्रथमच अंगणात रमू लागल्या होत्या.

जानेवारीत फुलं आली, पण सुनेचा हात काही कात्रीकडे जाईना. सासूबाईंनी समजावलं, "झेंडू झाडावरच सुकू दिलास, तर ते बी धरण्याच्या मागे लागेल आणि फुलणं कमी होईल. कापशील, तर बाजूनं नवे फुटवे येतील."

ग्लॅडिओलसचं मात्र वेगळं. त्याचा एकेक दांडा म्हणजे कंदाची वर्षभराची पुंजी. तळाच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला, की सकाळच्या गारव्यात धारदार सुरीनं दांडा तिरका कापावा. बुडाशी चार-पाच पानं ठेवावीत, म्हणजे कंद पोसला जातो. दांडा लगेच पाण्यात ठेवावा. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकावीत, पाणी रोज बदलावं आणि फुलदाणी फळांच्या टोपलीजवळ ठेवू नये. पिकत्या फळांमुळे फुलं लवकर कोमेजतात.

संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. राणी लक्ष्मीबाईंच्या आधीपासून मराठी घरं असलेल्या या गावात ही चाल अजून टिकून आहे. विधवेनं त्या दिवशी आतल्या खोलीत बसायचं, ही चालही काही घरांत तशीच टिकून आहे. सासूबाई न सांगता आत गेल्या.

सुनेनं कापलेली फुलं पितळी तांब्यात भरली आणि ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "आई, रोज पाणी तुम्ही घातलंत. वाणाबरोबर ही फुलंही तुमच्याच हातून जायला हवीत."

बैठकीत क्षणभर शांतता पसरली. एक वयस्कर बाई नजर चुकवून पदर सारखा करू लागल्या. मग शेजारची नवी सून उठली, सासूबाईंच्या पाया पडली आणि तिनं ओंजळ पुढे केली.

संध्याकाळपर्यंत तांब्या रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई नेहमीप्रमाणे झारी घेऊन अंगणात गेल्या. कापलेल्या झेंडूच्या बगलेत दोन नव्या कळ्या डोकावत होत्या.