बघण्याचे दोनशे रुपये

गेली वीस वर्षं मी लोकांना एकच सल्ला देत आलो. गाडी गॅरेजला नेली की मेकॅनिकला डोकं खाजवायला वेळ देऊ नका. काय बदलायचं ते आपणच सांगा. वेळ दिला की बिल वाढतं. हा सल्ला किती जणांनी मानला कोण जाणे, पण मी मात्र तो काटेकोर पाळला. आता तो मागे घेतो.

मी जळगावचा. धरणगावकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब बघतो. माझी दहा वर्षांची डिझेल गाडी रोज तिथल्या आवारात उभी असते. लेक धुळ्याला दिलेली, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी एरंडोल, पारोळा, फागणे असा शंभरेक किलोमीटरचा रस्ता ठरलेला. गेल्या एप्रिलमध्ये त्याच रस्त्यावर, पारोळ्याच्या पुढे, तापमानाचा काटा पहिल्यांदा वर सरकला. एसी बंद केला, गाडी बाजूला घेतली, पंधरा मिनिटांनी काटा खाली आला. जळगावला परतल्यावर मी थेट गॅरेज गाठलं आणि म्हणालो, ‘‘वॉल काढून टाका.’’

वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. आमच्याकडे हा उपाय घराघरात माहीत आहे. इथं मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, इथं इंजिन गरम करायचा वॉल हवाच कशाला, असा सरळ हिशेब. मेकॅनिकनं वॉल काढला. गाडी तरी तापली. मग मी फॅन डायरेक्ट करायला सांगितला, म्हणजे चावी फिरवली की पंखा सुरू. तरी तापली. मग वॉटर पंप बदलला. तरीही तापली तेव्हा दुसऱ्या गॅरेजला गेलो. तिथला पोरगा म्हणाला, ‘‘काका, रेडिएटर एकदा बाहेर काढून बघू.’’ मी नाही म्हटलं. रेडिएटर काढायचा म्हणजे एसीच्या पाइपला हात लागणार, गॅस जाणार, नसता खर्च वाढणार! जागेवरच फ्लश कर म्हटलं. त्यानं केला. वर मी घरच्या बोअरचं पाणी भरलं. ज्या पाण्यानं बादलीला पांढरा थर चढतो, तेच.

तिसऱ्या ठिकाणी मी स्वतःच निदान सांगितलं : हेड गॅस्केट गेलं. हेड उतरलं, लेथवर फेसिंग झालं, नवं गॅस्केट बसलं. सगळं मिळून साडेसव्वीस हजार गेले. मे महिन्यात लेकीकडे निघालो तर पारोळ्याच्या पुढे काटा पुन्हा वर. कुणीतरी सांगितलं होतं, हीटर लावला की इंजिनातली थोडी उष्णता बाहेर निघते. तेव्हा काचा खाली करून, भर दुपारी, हीटर चालू ठेवून आम्ही धुळ्याला पोचलो. बायको ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसली होती. त्या तीस-पस्तीस किलोमीटरमध्ये ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

व्याही म्हणाले, ‘‘आमच्या नानांना दाखवू.’’ नाना म्हणजे सत्तरीकडे झुकलेले एक मेकॅनिक. पत्र्याचं शेड, एक स्टूल, एक पाना-पेटी. ‘‘काय व्हयनं, भाऊ?’’ त्यांनी अहिराणीत विचारलं. मी हेड गॅस्केटपासून सुरुवात केली. त्यांनी हातानं थांबवलं. ‘‘पहिले देखूत. बघण्याचे दोनशे. काही निघालं नाही तरी दोनशे.’’

काही केलंच नाही तर पैसे कसले, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. व्याह्यांसमोर घासाघीस बरी दिसणार नाही म्हणून गप्प बसलो. माझ्या मतपरिवर्तनाची सुरुवात अशी भिडेपोटी झाली, हे लपवत नाही.

नानांनी बोनेट उघडलंच नाही. आधी प्रश्न. कधी तापते? वेग ऐंशीच्या वर गेल्यावर, एसी लावल्यावर, दुपारी. रात्री? रात्री नाही. पाणी कमी होतं का? नाही. सकाळी सुरू करताना पांढरा धूर? नाही. ‘‘मग गॅस्केट कशाला बदललं?’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गॅस्केट गेलं की बहुधा पाणी गायब होतं किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. यातलं काहीच नव्हतं आणि मी कुणाला तपासूही दिलं नव्हतं. शेवटचा प्रश्न विचित्र वाटला : ‘‘गाडी उभी कुठं असते?’’

‘‘जिनिंगमध्ये,’’ मी म्हणालो. नाना पहिल्यांदा स्टुलावरून उठले.

गाडी सुरू केली. पंखा फिरत होताच. त्यांनी वर्तमानपत्राचं एक पान समोरच्या जाळीवर धरलं आणि हात काढला. पंखा आतून हवा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून राहायला हवा. पान खाली पडलं. पुन्हा धरलं, पुन्हा पडलं. मग त्यांनी वरचे दोन बोल्ट काढून रेडिएटर जरा मागे कलवला आणि टॉर्च मारला. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत रुईचा थर बसला होता. त्यात आमच्या रस्त्याच्या तरसोद-फागणे चौपदरीकरणाची वर्षानुवर्षांची धूळ आणि सर्व्हिसिंगला समोरून मारलेलं प्रेशरचं पाणी. सगळं मिळून नमदा झाला होता. समोरून पाहिलं तर कंडेन्सर स्वच्छ, मागून पाहिलं तर रेडिएटर स्वच्छ. मधली गोधडी कुणालाच दिसत नव्हती.

हंगामभर रुई साचत गेली, तरी थंडीत गाडी का तापली नाही, हे नानांनी सोप्या हिशेबात सांगितलं. इंजिनातलं पाणी 90 अंशांवर असतं. डिसेंबरच्या सकाळी बाहेरची हवा 15, म्हणजे फरक 75. मे महिन्यात हवा 45, म्हणजे फरक फक्त 45. रेडिएटर या फरकावर जगतो. थंडीत तो जेवढी उष्णता टाकतो, त्याच्या 60 टक्केच तो उन्हाळ्यात टाकू शकतो. अर्ध्या कोंडलेल्या रेडिएटरला डिसेंबर निभावून नेता येतो, मे नाही.

वॉलबद्दल विचारलं तेव्हा ते चिडले. हा वॉल 82 ते 88 अंशांच्या आसपास उघडतो आणि इंजिनला लवकर ठरल्या तापमानावर आणतो. काही इंजिनांत तो उघडताना आडवाटेचा, म्हणजे बायपासचा, रस्ता बंद करतो. वॉलच काढला तर गरम पाणी रेडिएटरकडे न जाता आडवाटेनंच फिरत राहतं. माझं इंजिन त्यातलंच. म्हणजे ज्या उपायावर माझा सर्वांत जास्त विश्वास होता, त्यानं दुखणं वाढवलं होतं.

नानांनी मागच्या बाजूनं पाण्याच्या हलक्या धारेनं थर धुतला, नवा वॉल बसवला, बोअरचं पाणी काढून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरलं. दुपारी तीन वाजता एसी लावून आम्ही लळिंगचा घाट चढलो. काटा मध्यावरून हलला नाही. बघण्याचे दोनशे धरून बिल झालं चोवीसशे.

मेकॅनिक लुटतात, असं मी आयुष्यभर म्हणत आलो. लुटणारे असतीलही. पण त्या साडेसव्वीस हजारांतला एकही रुपया मला कुणी फसवून घेतला नव्हता. प्रत्येक काम मी सांगितलं आणि प्रत्येकानं ते नीट केलं. तीन गॅरेजांत मी ‘बदला’ म्हणालो. ‘बघा’ असं एकदाही म्हणालो नाही. सुटा भाग हातात दिसतो, म्हणून त्याचे पैसे द्यायला मला जड जात नव्हतं. नजरेचे पैसे मात्र मला लूट वाटत होते. जो पोरगा रेडिएटर काढून बघू म्हणाला होता, त्याच्याकडे जाऊन मी ‘तू बरोबर होतास’ एवढं सांगून आलो. तो लाजला. मी जास्त.

गाडी आता जिनिंगच्या फाटकाबाहेर निंबाखाली उभी असते. तुमची गाडी दुरुस्त करूनही तापत असेल तर रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि अंगावर उसळतं. गॅरेजला जाण्याआधी चार गोष्टी लिहून न्या : कधी तापते, पाणी किती कमी होतं, एसी बंद केल्यावर काय होतं आणि गाडी उभी कुठं असते. आणि बघण्याचे पैसे मागितले तर घासाघीस न करता द्या.