धावण्याआधीचा श्वास

आम्ही मूळचे इतिहासाचे शिक्षक. मैदानाशी आमचा संबंध आला तो निवासी शाळेतील पहाटेच्या देखरेखीमुळे. या स्मरणिकेसाठी काही लिहावे असा आग्रह झाला, तेव्हा गौरवाच्या आठवणींऐवजी आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी लिहावे असे वाटले.

काही वर्षांपूर्वीची हिवाळ्यातील ती पहाट. पाचोड परिसरातील मोसंबीच्या बागांवरून झोंबरा वारा येत होता. आमच्या मुलामुलींच्या डोळ्यांपुढे पोलीस भरती असते. मुलांचे 1600 मीटर आणि मुलींचे 800 मीटर धावणे ही भूमिहीन घरांसाठी केवळ शर्यत नसते. नववीतील एक मुलगा रोज पहिल्याच फेरीत छातीवर हात ठेवून थांबे. हातपाय मोकळे करण्याचे व्यायाम तो इतरांप्रमाणेच करी. त्या दिवशी आम्ही सर्वांदेखत म्हणालो, "तुझ्यात दमच नाही."

संध्याकाळी तो आमच्यापुढे येऊन उभा राहिला. "सर, घरी जातो." त्याचे आईवडील ऊसतोडीला गेले होते, घराला कुलूप होते. कुलूप लावलेल्या घराकडे जावयास ते लेकरू निघाले होते. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या 'तुमची लायकी नाही' असे ऐकविले गेले, त्याच समाजातील शिक्षकाने आपल्याच मुलाला तेच वेगळ्या शब्दांत ऐकविले होते.

दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेले. दमा नव्हता. मग आम्ही वाचू लागलो, तेव्हा एक साधी गोष्ट कळली : श्वास ओढणे हेही स्नायूंचेच काम आहे. श्वासपटल आणि बरगड्यांमधील स्नायू छाती फुलवितात. पाय मोकळे केले म्हणून हे स्नायू पुरेसे तयार होतातच असे नाही. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात नौका वल्हविणाऱ्या खेळाडूंनी शर्यतीपूर्वी अडथळा असलेल्या उपकरणातून तीस-तीस श्वासांच्या दोन फेऱ्या केल्या. अडथळा त्यांच्या श्वास ओढण्याच्या कमाल ताकदीच्या सुमारे 40 टक्के होता. त्यांची कामगिरी सुधारली आणि धाप कमी जाणवली. पुढील सर्वच अभ्यासांत असा लाभ दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

वाचता वाचता आम्हाला नागसेनवनातील विद्यार्थिदशा आठवली. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयास ज्याचे नाव दिले, त्या मिलिंद राजाच्या 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात अनंतकाय नावाचा अमात्य आत-बाहेर जाणाऱ्या वायूलाच जीव समजतो. नागसेन त्याला शंख फुंकणाऱ्यांचे उदाहरण देतात. त्यांचा बाहेर गेलेला वारा परत येत नाही, तरी ते मरत नाहीत. म्हणजे श्वास हा आत्मा नसून शरीराची क्रिया आहे. आम्ही हा प्रसंग वर्गात कितीदा तरी शिकविला होता. श्वास ही शरीराची क्रिया असेल, तर तिची तयारीही करता येते, एवढा अर्थ मात्र मैदानावर येईपर्यंत आमच्या ध्यानी आला नव्हता.

आमच्याकडे उपकरण नाही. मुले ताठ उभी राहून ओठ आवळतात, पोटापासून सावकाश श्वास ओढतात आणि सहज सोडतात. ओठांचा अडथळा उपकरणाची बरोबरी करीत नाही, हे आम्ही जाणतो. गरगरले तर लगेच थांबावयाचे, हा नियम. दमा असलेल्या मुलांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हे करावयाचे नाही. त्यानंतर चालणे, मग हळू धावणे आणि शेवटी वेग. विहारातील आनापान याहून निराळे. तेथे श्वास आहे तसा पाहावयाचा असतो, त्याला ओढावयाचे नसते. हा भेदही आम्ही मुलांना समजावून सांगतो.

तो मुलगा घरी गेला नाही. पुढे शर्यतीत पहिला आला, असेही नाही. त्या वर्षाअखेर त्याने 1600 मीटर न थांबता पूर्ण केले. त्याचे श्रेय श्वासाच्या तयारीला द्यावे, रोजच्या सरावाला, की आम्ही त्याची मागितलेली माफी त्याने स्वीकारली त्याला, हे आम्ही ठरवीत नाही. एवढे खरे की, धापा टाकणाऱ्या मुलाला त्याची लायकी आता आम्ही विचारीत नाही. "श्वास तयार केलास का?" असे विचारतो, आणि त्याच्या शेजारी उभे राहून तो आपणही करतो.