बीपीचा आकडा विचारा

गरोदर बाईचे डोके दुखले की आपल्या घरांत कारणे तयार असतात. ऊन लागले, नजर लागली, रात्री झोप झाली नाही. पायांवर सूज आली तर "दिवस भरत आले की येतेच" म्हणून विषय संपतो. पुष्कळदा ते खरेही असते. पण हीच लक्षणे वाढलेल्या रक्तदाबाची असू शकतात, आणि बीपी मोजल्याशिवाय फरक कळत नाही.

आमच्या धाकट्या जावेच्या पहिल्या खेपेला आम्ही हे जवळून पाहिले. आठवा महिना लागला होता. बोटातली अंगठी निघेना, डोळ्यांसमोर काजवे चमकू लागले. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी बीपी घेतले, थोडा वेळ बसवून पुन्हा घेतले. १६०/११०! लघवीतही प्रथिने आली. त्यांनी लगेच १०८ बोलावली. रुग्णालयात बीपीची औषधे आणि झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमची इंजेक्शने दिली. ३४व्या आठवड्यात सिझेरियन झाले. मुलगी बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. अल्हम्दुलिल्लाह, आज ती दुसरीत शिकते.

घरी आल्यावर जाऊ मात्र आतून खचली होती. "मीठ जास्त खाल्ले म्हणून झाले का? मी चिडचिड करत होते म्हणून का?" असे विचारायची. भेटायला येणाऱ्या बायकाही तेच सुचवून जात. शेवटी आम्ही डॉक्टरीणबाईंनाच विचारले. त्यांनी समजावले ते असे.

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक खूप वाढते आणि रक्तवाहिन्या सैल होतात. म्हणून निरोगी बाईचे बीपी मधल्या महिन्यांत उलट थोडे उतरते. अल्डोस्टेरॉन हे दुसरे संप्रेरकही वाढते. त्याने शरीर मीठ-पाणी धरून ठेवते, कारण बाळासाठी आईचे रक्त जवळजवळ दीडपट व्हायचे असते. ही वाढ म्हणजे आजार नव्हे. प्रीएक्लॅम्प्सिया या आजाराचे मूळ वारेत असते. वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या सुरुवातीच्या महिन्यांत पुरेशा रुंद होत नाहीत. मग वारेतून काही प्रथिने आईच्या रक्तात जास्त उतरतात आणि वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतात. वाहिन्या आवळतात, बीपी चढते. यात बाईच्या स्वभावाचा दोष नाही, आणि नुसते मीठ तोडून हा आजार टळत नाही.

हे ऐकून जावेच्या मनावरचे ओझे उतरले. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिसरा महिना संपताच ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू केली, पुढे कॅल्शियमही दिले. पाचव्या महिन्यात रमजान आला. रोजे ठेवण्याचा तिचा हट्ट होता. आमच्या सासूबाईच म्हणाल्या, "बेटी, सवलत अल्लाहनेच दिली आहे. कजा रोजे मागाहून ठेव." या वेळी दिवस पूर्ण भरून मुलगा झाला.

शाळेत पालकसभेला येणाऱ्या तरुण आयांना आम्ही आता आवर्जून सांगतो. प्रत्येक तपासणीत बीपी मोजून घ्या, आकडा विचारा आणि कार्डावर लिहून घ्या. वरचा १४० किंवा खालचा ९० झाला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. लघवीही तपासून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर महिलांची मोफत तपासणी असते. खूप डोकेदुखी, अंधुक दिसणे, छातीखाली उजवीकडे कळ, चेहऱ्यावर अचानक सूज, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरातल्या वडीलधाऱ्यांची बीपीची गोळी तिला देऊ नका. त्यांतल्या काही पोटातल्या बाळाला घातक असतात. बाळंतपणानंतरही सहा आठवडे लक्ष ठेवा, कारण झटके तेव्हाही येऊ शकतात.

दुआ आपण करतोच, करत राहू. सोबत तिच्या कार्डावरचा आकडाही पाहू. आणि हे काम एकट्या सुनेवर सोडू नये. सासू, नवरा, नणंद, सगळ्यांनाच तो आकडा माहीत असावा.