यादीतली नावं

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि पुण्यात माझ्या मोबाइलवर दोन दिवसांत मदतीचे सहा व्हॉट्सअॅप ग्रुप उगवले. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून याद्या एकत्र करायचं काम माझ्याकडे आलं. एका शीटमध्ये मागणारे, दुसऱ्यात देणारे, मध्ये फोन करणारी पोरं. दुबार नोंदी काढणं तसं किरकोळ काम. अडत होतं वेगळ्याच ठिकाणी. रस्त्यालगतच्या वस्तीला पाण्याच्या बाटल्या तीनतीनदा पोचत होत्या आणि आतल्या वाडीची नोंदच नव्हती, कारण तिथे नेटवर्क नव्हतं. शिवाय गरज तासागणिक बदलते. सकाळी प्यायला पाणी हवं असतं, संध्याकाळी चिखल उपसायला फावडी, घमेली आणि माणसं. शीट मात्र सकाळचंच पाणी मागत बसते.

हे कोडं माझ्या जन्माआधी कुणीतरी सोडवलंय, हे मला नंतर वाचताना कळलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपलेले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. ५२ गावं नव्या जागी वसवायची होती, त्याची चर्चा खूप झाली. पण त्याहून कितीतरी जास्त गावांतली घरं पडली नव्हती, तडकली होती. ती ज्याची त्याने दुरुस्त करायची, पैसे हप्त्याने मिळणार, इंजिनिअर सरकारचा. आता हप्ता का अडला, भिंतीत कुठे काय घालायचं, हे घरोघरी सांगणार कोण? प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यासाठी गावातल्याच बायका नेमल्या. नाव दिलं ‘संवाद सहायक’. घरची तक्रार इंजिनिअरपर्यंत आणि त्याचं म्हणणं घरापर्यंत न्यायचं, हे त्यांचं काम. २००१ला भूज हादरलं तेव्हा लातूरकडच्या बायका तिथल्या बायकांना भेटायला गेल्या, अनुभव घेऊन. माझ्या शीटपेक्षा ही यंत्रणा सरस होती, कारण माहिती देणारी बाई रोज तिथेच राहत होती आणि उद्याही राहणार होती.

आमच्या चांदूर रेल्वेत बसून हे सगळं लांबचं वाटतं. पण वर्धा नदी आमच्या जिल्ह्याची पूर्वेकडची हद्द आहे. १९९१च्या ३० जुलैला तिच्याच पुराने नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडमध्ये दोनशेवर माणसं नेली.

यंदा पावसाळ्याआधी घरी गेलो तेव्हा काकांना विचारलं, “नदीकाठच्या गावांत वेळ आली तर फोन कोणाले करायचा?” काकांनी विचार करून तीन नावं सांगितली. एक माजी सरपंच, एक कृषी केंद्रवाले, एक त्यांचे मित्र. मी लिहून घेत होतो.

काकू आतून म्हणाली, “हे तिघं घरी राह्यतेत कवा? बचत गटाच्या बायायचे नंबर घे न बावा.”

तिच्याकडे अकरा होते.