दाब

रक्तदाबाची गोळी चालू झाल्यापासून ‘दाब’ हा शब्द आमच्या घरात जपूनच वापरतात. पण ३१ मे २०२० रोजी लक्षद्वीपच्या बाजूला अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि तिथला दाब जसजसा उतरत गेला, तसतसा माझा चढत गेला.

कारण श्रीवर्धनला आमचे अण्णा, वय वर्षे ८१, आणि दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, लावलेली पोफळीची वाडी. मी टाळेबंदीमुळे ठाण्यात अडकलेला. करतो काय? हवामान खात्याची बुलेटिनं वाचू लागलो. उपग्रहाच्या चित्रात कापूस विस्कटावा तसा एक पांढरा पुंजका दिसे. तो गोल व्हायला लागला की घाबरायचं, एवढं मला कळलं होतं. समुद्राचं पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं हवं, वरच्या आणि खालच्या वाऱ्यांत फार तफावत नको, तर वादळाचं बस्तान बसतं. थोडक्यात, पत्रिका जुळावी लागते. पत्रिका जुळू नये म्हणून देवाला साकडं घालणारा मीच पहिला असेन.

१ जूनला त्याचं डिप्रेशन झालं.

“समुद्राला डिप्रेशन आलंय,” मी हिला म्हटलं.

“घरात एक आहे तेवढं पुरे,” असं म्हणून ही भाजी निवडू लागली.

२ जूनला दुपारी वाऱ्याने ताशी ६२ किलोमीटरची वेस ओलांडली आणि बारसं झालं. नाव ‘निसर्ग’, ठेवणारा बांगलादेश. मी फोन लावला.

“अण्णा, वारा साठच्या वर गेलाय!”

“इथे पान हलत नाहीये. समुद्र माझ्या दारात आहे की तुझ्या?”

“निदान नारळ तरी पाडून घ्या.”

“सकाळीच घेतले.”

“म्हणजे घाबरलात!”

“छे रे. चटणीला हवे होते.”

“किती?”

“ऐंशी.”

३ जूनला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला वादळ किनाऱ्यावर चढलं. फोन बंद. बुलेटिनात अलिबाग होतं, मुंबई होती, नाशिकही होतं; अण्णा कुठेच नव्हते. चार दिवस मी एकच नंबर फिरवत होतो. हीसुद्धा भाजी निवडायची थांबली होती.

पाचव्या दिवशी कुणाच्या तरी फोनवरून आवाज आला.

“घर उभं आहे. वाडी आडवी. दीडशेतल्या अकरा उरल्या.”

मला काही बोलवेना.

“तू ते वाचत होतास ना? वारा नक्की किती होता रे?”

“ताशी शंभर ते एकशेदहा. मधूनच एकशेवीसचे झोत.”

अण्णा जरा वेळ गप्प राहिले.

“मग बरोबर,” ते म्हणाले, “मला वाटलं, दादांच्या पोफळीच लेच्यापेच्या निघाल्या.”